फुगवलेली मागणी, अडलेली रांग

संशोधन संस्थेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला क्लस्टरचं खातं उघडून मिळतं, तेव्हा सोबत नियमांचं एक पान मिळतं. लॉगिन नोडवर गणितं चालवू नका, पासवर्ड कुणाला देऊ नका, स्क्रॅचवर जुन्या फायली साठवू नका, खासगी कामासाठी यंत्र वापरू नका. मुलगा पान वाचतो, खाली सही करतो आणि कामाला लागतो. पुढची पाच वर्षं यातला एकही नियम न मोडता तो यंत्राचे लाखो कोअर-तास वाया घालवू शकतो आणि त्याबद्दल त्याला कुणी एक शब्द विचारणार नाही. सामायिक संगणकाचा जबाबदार वापर म्हणजे शिस्त आणि शिष्टाचार, ही समजूत मला म्हणूनच उथळ वाटते.

माझं म्हणणं असं : क्लस्टरवरची मोठी नासाडी नियम मोडणारे करत नाहीत, नियम पाळणारी सभ्य माणसं करतात. ही नासाडी काम चालवताना कमी आणि काम मागताना जास्त होते. गरज आठ कोअरची असताना अठ्ठेचाळीस मागणं, तीन तासांच्या कामाला तीन दिवस लिहून देणं, ‘असू दे जास्तीची’ म्हणून मेमरी अडवून ठेवणं, हे सगळं कायदेशीर आहे आणि रांग त्यानेच तुंबते. म्हणून जबाबदारीचा पहिला प्रश्न ‘मी काय करता कामा नये’ हा नाही. ‘मला नेमकं किती लागतं, आणि हे मला कसं कळलं’ हा आहे. त्याचं उत्तर शोधणं हा संशोधनाचाच भाग आहे. ती कारकुनी म्हणून कुणाच्या गळ्यात घालून मोकळं होता येत नाही.

१. चोरांच्या गोष्टी

गैरवापर म्हटलं की चटकन आठवतात त्या चोरांच्या गोष्टी. २०१४ साली हार्वर्डच्या संशोधन क्लस्टरवर कुणीतरी डोजकॉइन नावाचं आभासी चलन काढत बसलं होतं. त्याचा प्रवेश कायमचा बंद झाला. २०१८ मध्ये रशियातल्या सारोव्ह इथल्या अणुकेंद्राच्या महासंगणकावर बिटकॉइन काढू पाहणाऱ्या अभियंत्यांना अटक झाली. मे २०२० मध्ये तर एडिंबराचा ‘आर्चर’ आणि जर्मनीतली अनेक केंद्रं चोरलेल्या लॉगिनच्या आधारे फोडली गेली आणि काही काळ बंद ठेवावी लागली. हा शेवटचा प्रकार गंभीरपणे घ्यावा असा आहे, कारण सीनियरने जाताना ज्युनिअरला आपलं खातं ‘वापर, चालू आहे अजून’ म्हणून देऊन जाणं ही आपल्या प्रयोगशाळांतली सर्रास रीत आहे. एका संस्थेतली चोरलेली किल्ली दुसऱ्या संस्थेचं दार उघडते, हे तेव्हा युरोपाने पाहिलं.

पण या गोष्टींत एक साम्य आहे. चोर वेगळा दिसतो, म्हणून सापडतो. त्याचं काम विज्ञानासारखं दिसत नाही, त्याच्या नोडचा वापर रात्रंदिवस शंभर टक्के असतो, कुणाच्या तरी ते डोळ्यांत खुपतं. फुगवून मागणारा मात्र इतर सगळ्यांसारखाच दिसतो, कारण बाकीचेही तेच करत असतात. किंबहुना त्याचे नोड फारसे तापलेलेही नसतात. यंत्र व्यग्र असल्याची नोंद होते आणि आतले कोअर रिकामे बसून असतात.

२. रांग दिलेल्या शब्दावर चालते

आपल्याकडे या यंत्रांवर सार्वजनिक पैसा किती लागला आहे हे आधी लक्षात घ्यावं. पुण्यात सी-डॅकची स्थापना १९८८ मध्ये झाली, तिचा ‘परम ८०००’ महासंगणक १९९१ मध्ये उभा राहिला. २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन मोहीम जाहीर झाली ती ४,५०० कोटी रुपयांची. राबवणाऱ्या संस्था पुण्याची सी-डॅक आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था. त्यातून बनारसला ‘परम शिवाय’, पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’, बेंगळुरूला ‘परम प्रवेग’ आणि पुढे खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीसाठी ‘परम रुद्र’ अशी यंत्रं आली. प्रथिनांच्या घड्या, नव्या पदार्थांची रचना, द्रवांचा प्रवाह, आकाशातून येणारे क्षणिक रेडिओ स्फोट असं नाना प्रकारचं काम अशा यंत्रांवर रांगेत उभं असतं.

ही रांग माणूस चालवत नाही. ती शेड्युलर नावाची आज्ञावली चालवते; बहुतेक ठिकाणी ती स्लर्म असते. तुम्ही जॉब टाकता तेव्हा एका छोट्या स्क्रिप्टच्या वरच्या पाच-सहा ओळींत लिहून देता : इतके नोड, इतके कोअर, इतकी मेमरी, इतका वॉलटाइम, म्हणजे काम चालण्याची कमाल मुदत. शेड्युलरला तुमच्या विज्ञानातलं काही कळत नाही. तुमचं गणित खरोखर किती वेळ चालेल हे त्याला समजायचा दुसरा मार्ग नाही. हजारो कोअरची अख्खी मांडामांड तो या लिहून दिलेल्या शब्दावर करतो. शब्द खोटा निघाला तर मांडणी चुकते, आणि तिचा भुर्दंड ज्याने तो दिला त्याच्यापेक्षा शेजारच्याला जास्त पडतो.

३. मेमरी : एका कोअरने अडवलेला नोड

उदाहरणासाठी ४८ कोअर आणि १९२ जीबी मेमरीचा एक नोड घ्या. म्हणजे दर कोअरमागे ४ जीबी. एखाद्याने एका कोअरचं काम टाकलं, पण मागे कधीतरी मेमरी संपून जॉब उडाला होता म्हणून या खेपेला १६० जीबी लिहून ठेवली. प्रत्यक्षात काम ६ जीबीत भागतं. आता त्या नोडवर ४७ कोअर मोकळे आहेत आणि मेमरी उरली आहे फक्त ३२ जीबी. कोअरमागे ४ जीबी लागणारे नेहमीचे जॉब तिथे आठच बसतील. उरलेले ३९ कोअर चालू आहेत, वीज खात आहेत, त्यांना थंड ठेवण्याचा खर्च होतो आहे आणि ते कुणालाही मिळत नाहीत. वापराच्या मासिक तक्त्यावर मात्र हा नोड ‘व्यस्त’ म्हणून झळकतो.

जीपीयूच्या बाबतीत हेच जास्त महागात जातं. जीपीयू घेऊन नोटबुक उघडायचं, दोन ओळी चालवायच्या, आलेख पाहत विचार करायचा, मग जेवायला जायचं. नोटबुक उघडं आहे तोवर कार्ड त्याच्याच नावावर. रांगेत मागे कुणाचं चार दिवसांचं प्रशिक्षण खोळंबलेलं असतं. विचार करायला जीपीयू लागत नाही, एवढं सांगायलाही कुणी धजावत नाही, कारण तो माणूस काही चुकीचं करत नसतो ना!

४. वेळ : स्वतःच्या पायावर धोंडा

वॉलटाइम फुगवण्याचा तोटा स्वतःलाही होतो, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. समजा, रांगेच्या तोंडाशी २० नोडांचा एक मोठा जॉब आहे. १२ नोड मोकळे आहेत, उरलेले ८ पाच तासांनी सुटतील. तोवर ते १२ नोड रिकामे ठेवायचे का? शेड्युलर तसं करत नाही. मागच्या रांगेतून असे छोटे जॉब शोधतो जे पाच तासांच्या आत संपतील, म्हणजे मोठ्या जॉबला उशीर होणार नाही. याला बॅकफिल म्हणतात. आता तुमचं काम तीन तासांचं आहे, पण सीनियरच्या स्क्रिप्टवरून उतरवताना त्यातले ७२ तास तसेच राहिले. ही फट तुमच्या मापाची होती, पण तुम्ही स्वतःला तिच्यात न मावणारं ठरवलंत. तुम्ही रांगेत थांबता, नोड पाच तास रिकामे राहतात, आणि संध्याकाळी कँटीनमध्ये ‘क्लस्टर फार स्लो आहे’ अशी तक्रार होते.

स्क्रिप्टचा हा वारसा हाच मला मूळ रोग वाटतो. प्रयोगशाळेत एक स्क्रिप्ट पिढ्यान् पिढ्या फिरते. त्यातले आकडे कुणा एकाने, कुठल्यातरी जुन्या यंत्रावर, वेगळ्याच प्रश्नासाठी ठरवलेले असतात. नवा विद्यार्थी फाइलचं नाव बदलतो, आकडे बदलत नाही. प्रबंधात एखादा स्थिरांक असा न तपासता उचलला तर गाइड त्याला उभा करून झापेल. इथे तो विचारतसुद्धा नाही.

५. कोअर : दुप्पट म्हणजे दुप्पट वेगवान नव्हे

जास्त कोअर घेतले की काम तितक्या पटीने लवकर होतं, हा भ्रम अजून गेलेला नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच त्याची मर्यादा दाखवली होती. कामाचा जो भाग एकापाठोपाठ एक असाच करावा लागतो, तो शेवटी वेगाला लगाम घालतो. असा भाग फक्त पाच टक्के असला तरी जगातले सगळे कोअर लावून काम वीस पटींपलीकडे वेगवान होऊ शकत नाही. हिशोब करून पाहा. एका कोअरवर १०० तास लागणारं असं काम ६४ कोअरवर सुमारे साडेसहा तासांत होतं, २५६ कोअरवर सुमारे पाच तास बावीस मिनिटांत. म्हणजे वाचला तासभर. खर्च किती झाला? पहिल्या खेपेला साधारण ४१५ कोअर-तास, दुसऱ्या खेपेला १,३७५. एका तासासाठी जवळजवळ हजार कोअर-तास जास्तीचे मोजले, आणि तेही सगळ्यांच्या खिशातून. शिवाय २५६ कोअर एकदम मोकळे होण्याची वाट पाहण्यात तो वाचलेला तास बहुधा रांगेतच गेला असेल.

हे सूत्र आदर्श स्थितीचं आहे. नोडांमधल्या संवादाचा वेळ त्यात धरलेला नाही. तो धरला तर एका मर्यादेनंतर कोअर वाढवल्यावर काम हळू होऊ लागतं. आपल्या कामाची ही मर्यादा कुठे आहे हे कळायला दिवसभराची चाचणी पुरते : तेच छोटं काम ८, १६, ३२, ६४ कोअरवर चालवायचं आणि वेळ कागदावर मांडायचा. ज्याच्याकडे हा कागद नाही, त्याची मागणी म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

६. जिथे रांगच नाही

कोअर आणि मेमरी वाटायला निदान शेड्युलर आहे. फाइल सिस्टीमला बहुतेक ठिकाणी तसा पंच नसतो. लस्टरसारख्या सामायिक व्यवस्थेत मजकूर अनेक सर्व्हरांवर विखुरलेला असतो, पण कोणती फाइल कुठे आहे, तिचं नाव काय, ती कुणाची, याची वही मोजक्याच सर्व्हरांकडे, कित्येकदा एकाच सर्व्हरकडे असते. मोठ्या फायली वाचण्यात ही व्यवस्था तरबेज आहे. लाखो चिमुकल्या फायलींनी ती गुदमरते. एखाद्याच्या जॉबमधले पाचशे कोअर दर सेकंदाला छोट्या फायली उघडू-मिटू लागले की दुसऱ्या इमारतीतल्या कुणाला साधी फोल्डरमधली यादी पाहायला अर्धा मिनिट लागतं. त्याला वाटतं नेटवर्क गेलं. ज्याच्यामुळे हे झालं त्याला पत्ताही नसतो. उपाय अवघड नाहीत : फायली एकत्र बांधून ठेवणं, मधली वाचन-लेखनं नोडच्या स्वतःच्या डिस्कवर करणं आणि शेवटी निकाल एकदाच परत आणणं. पण नियमांच्या पानावर हे क्वचित सापडतं, कारण त्याला ‘करू नका’च्या एका ओळीत बसवता येत नाही.

साठवणीबद्दल एवढंच सांगतो : डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरच्या सुमारे ७७ टेराबाइटच्या, ३ कोटी ४० लाख फायली बॅकअपच्या एका बिघडलेल्या स्क्रिप्टने पुसून टाकल्या. चौदा गटांना फटका बसला. त्यातल्या चार गटांचा मजकूर परत मिळाला नाही. तिथे चूक वापरणाऱ्यांची नव्हती. तरीही ज्याची दुसरी प्रत दुसरीकडे होती तो तरला.

७. आक्षेप

पहिला आक्षेप प्राध्यापकांचा : आम्ही विज्ञान करायचं की कोअर मोजत बसायचं? यावर मी खोडदकडे बोट दाखवेन. तिथल्या तीस अँटेनांचा वेळ हवा असेल तर खगोलशास्त्रज्ञाला प्रस्ताव लिहावा लागतो : किती तास, कशासाठी, इतकेच का, कमी तासांत का भागणार नाही. समिती तो तपासते, कापते, कधी नाकारते. याला कुणी कारकुनी म्हणत नाही. दुर्बीण वापरण्याच्या विद्येचाच तो भाग मानतात. संगणकाच्या बाबतीत मात्र तेच प्रश्न विचारले की अपमान झाल्यासारखं वाटतं. दुर्बीण डोळ्यांना दिसते, क्लस्टर दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

दुसरा आक्षेप प्रशासनाचा : अडचण असेल तर मोठं यंत्र घेऊ. घ्यावंच. पण सवयी त्याच ठेवल्या तर मोठं यंत्र त्याच प्रमाणात फुगलेल्या मागणीने भरतं. कोअर वाढले की लोक लहान कामांनाही जास्त कोअर लिहू लागतात, कारण आता ‘भरपूर आहेत’. पाच-सहा वर्षांत यंत्र जुनं होतं आणि पुन्हा तीच निविदा निघते.

तिसरा : पैसे आकारा, आपोआप शिस्त येईल. येईलही, पण कुणाला? ज्याच्याकडे मोठा प्रकल्प-निधी आहे त्याला दर टोचणार नाही आणि तो फुगवून मागतच राहील. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातून मुश्किलीने खातं मिळवलेली मुलगी मात्र पहिल्या महिन्यातच बाहेर पडेल. यापेक्षा फेअरशेअर बरा. अलीकडे ज्याने जास्त वापरलं त्याचा क्रम मागे जातो आणि काळाबरोबर तो जुना वापर विसरला जातो. पण एक मेख आहे. बऱ्याच ठिकाणी या हिशोबात फक्त कोअर धरतात. मग १६० जीबी अडवणारा एक कोअरचा जॉब स्वस्तात सुटतो. मेमरी आणि जीपीयूला वजन देण्याची सोय स्लर्ममध्ये आहे, ती वापरली पाहिजे.

चौथा आक्षेप खरा वजनदार आहे आणि तो विद्यार्थ्यांचा आहे. ‘कमी लिहिलं आणि चाळिसाव्या तासाला जॉब मारला गेला तर माझे चाळीस तास गेले. जास्त लिहिलं तर माझं काहीच जात नाही. मग मी जास्तच लिहिणार.’ त्याचं तर्कशास्त्र बिनचूक आहे. त्याला नीतीचे धडे देऊन काही साधणार नाही. जिथे खरं सांगणाऱ्याला शिक्षा आणि फुगवणाऱ्याला सूट आहे, तिथे लोक फुगवणारच. यावर विद्यार्थ्याच्या हातातला उपाय चेकपॉइंट हा आहे : गणिताची स्थिती दर तासाला लिहून ठेवली तर जॉब उडाल्यावर तासाभराचंच काम जातं आणि कमी लिहिण्याचं भय उरत नाही. मोजलेल्या गरजेवर वीसेक टक्के जास्त मागणं हेही रास्तच आहे. ती सावधगिरी झाली. वीस पट मागणं ही अडवणूक झाली. पण यापुढची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही.

८. संस्थेचा वाटा

सामायिक साधन नासणारच, असं गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणं, मासेमारी आणि पाटपाणी तपासून १९९० मध्ये दाखवून दिलं की वापरणारेच नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि चूक झाल्यास आधी हलकी, मग कडक शिक्षा करतात तिथे साधन पिढ्यान् पिढ्या टिकतं. त्यासाठी २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या धुळे-नाशिक भागातली पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत याच जातीची आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, कोणत्या फडात कोणतं पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि पाणी कुणी आपल्या हाताने आपल्या वावरात वळवायचं नाही. ते काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याचं. शतकानुशतकं ती चालली.

पण क्लस्टरशी तिची तुलना एका जागी तुटते. फडात गरज उघड दिसते. ऊस उभा आहे की ज्वारी, हे पाटकऱ्याला बांधावरून कळतं. खोटं सांगायला जागाच नाही. क्लस्टरवर पीक दिसत नाही, फक्त मागणीचा कागद दिसतो. म्हणून संस्थेचं पहिलं काम पीक दिसेल अशी व्यवस्था करण्याचं आहे. जॉब संपल्यावर ‘मागितलं इतकं, वापरलं इतकं’ हा हिशोब बहुतेक केंद्रांवर ‘सेफ’ या छोट्या आज्ञेने मिळतो, पण तो विचारला तरच मिळतो. तो प्रत्येक जॉबनंतर आपोआप मेलने गेला पाहिजे आणि महिन्यातून एकदा गटाचा गोषवारा गाइडकडेही. चाचणीसाठी छोटा, लगेच लागणारा क्यू हवा. नाही तर मोजमाप करायलाच दोन दिवस रांगेत उभं राहावं लागतं आणि मग कुणी मोजत नाही. महिनोन् महिने मागितल्याच्या दहा टक्केही न वापरणाऱ्या गटाला आधी फोन, मग मदतीला माणूस, आणि तरीही फरक पडला नाही तर मर्यादा, याच क्रमाने. मदतीचा माणूस या साखळीतली सर्वांत महत्त्वाची आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित कडी आहे. कोट्यवधींचं यंत्र घेताना ते चालवणाऱ्या आणि लोकांना शिकवणाऱ्या अभियंत्यांची पदं कंत्राटी आणि अपुरी ठेवायची, ही काटकसर मला कधीच समजलेली नाही.

यंत्र-समित्यांवर बसणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या यंत्राच्या प्रस्तावात ‘आमचा क्लस्टर ९० टक्के व्यस्त असतो’ एवढं लिहून थांबू नका. गेल्या वर्षभरात किती मेमरी आणि किती कोअर-तास मागितले गेले आणि प्रत्यक्षात किती वापरले गेले, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापा, गटवार छापा, आणि ते आधी आपल्याच विद्यार्थ्यांना दाखवा. दोन्ही आकडे स्लर्मच्या नोंदवहीत पडून आहेत. काढायला एक दुपार पुरते.